रक्तशुद्धी : सेप्टिक शॉकवरील एका प्रायोगिक उपचाराची कथा



'रक्तशुद्धी' हा शब्द मराठी घरांना नवा नाही. गुढीपाडव्याच्या सकाळी कडुनिंबाची कोवळी पाने चावताना वडीलधारी माणसे रक्तशुद्धीचा गुण सांगतात. अंगावर पुरळ उठले की अनंतमूळ आणि मंजिष्ठा यांच्या काढ्याची आठवण होते. रक्त बिघडते आणि ते शुद्ध करता येते, ही कल्पना अशा प्रकारे लोकमानसात फार पूर्वीपासून रुजलेली आहे. आजच्या विषयातील रक्तशुद्धी मात्र निराळी आहे. ती घरात होत नाही. अतिदक्षता विभागात होते. तेथे रुग्णाचे रक्त नळीवाटे शरीराबाहेर काढतात, एका यंत्रातून फिरवितात आणि त्यातील विषारी द्रव्ये काढून घेऊन ते पुन्हा शरीरात सोडतात. ज्या रुग्णाचा रक्तदाब औषधांनाही दाद देत नाही, ज्याचे मूत्रपिंड, फुफ्फुसे आणि यकृत एकामागून एक थकत चालले आहेत, अशा रुग्णासाठी हा खटाटोप असतो.

हा उपचार खरोखर प्राण वाचवितो काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात वैद्यकशास्त्राने तीन दशकांहून अधिक काळ घालविला आहे. त्या शोधाची कथा आशेची आहे, तितकीच ती आशेला कसोटीवर घासून पाहण्याचीही आहे. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेल्या कुटुंबाला या उपचाराविषयी निर्णय घेण्याचा प्रसंग आज येऊ शकतो. म्हणून ती कथा सर्वसामान्य नागरिकानेही जाणून घ्यावी अशी आहे.

सेप्सिस म्हणजे काय?

जखम चिघळून पू झाला की 'सेप्टिक झाले' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. 'सेप्सिस' हा मूळचा ग्रीक शब्द; कुजणे, सडणे हा त्याचा अर्थ. हिपॉक्रॅटिसच्या परंपरेतील ग्रंथांत तो आढळतो. आधुनिक वैद्यकात त्याला नेमका अर्थ प्राप्त झाला आहे. २०१६ साली तज्ज्ञांनी एकमताने केलेल्या व्याख्येनुसार, जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद भलतीकडे वळून त्यामुळे स्वतःच्याच अवयवांचे कार्य बिघडू लागणे आणि जीव धोक्यात येणे, म्हणजे सेप्सिस होय.

या व्याख्येतील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. रुग्णाला मारणारा शत्रू केवळ बाहेरून आलेला जंतू नसतो. जंतूशी लढण्यासाठी शरीराने उभी केलेली फौजच बेभान होते आणि आपल्याच मुलखात जाळपोळ करीत सुटते. पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची संदेशवाहक द्रव्ये रक्तात सोडतात. संसर्ग एका जागी असतो तेव्हा ही द्रव्ये तेथे संरक्षणाची कुमक बोलावतात. तीच सर्व शरीरभर पसरली की लहान रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपू लागते, सूक्ष्म गुठळ्या होतात आणि रक्ताचा दाब कोसळतो. शिरेवाटे पुरेसे द्रव देऊनही दाब सावरत नाही, तो टिकविण्यासाठी रक्तवाहिन्या आकसविणारे औषध सतत द्यावे लागते आणि रक्तातील लॅक्टेट या आम्लजन्य द्रव्याचे प्रमाण चढेच राहते, तेव्हा त्या अवस्थेस 'सेप्टिक शॉक' म्हणतात. अतिदक्षता विभागात सर्व उपचार मिळूनही या अवस्थेतील १०० रुग्णांपैकी ४० च्या आसपास दगावतात.

या रोगाचा पसारा केवढा आहे, याची कल्पना २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीवरून येते. २०१७ या एका वर्षात जगभर सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण झाले आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा त्या पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे जगातील दर पाच मृत्यूंमागे जवळजवळ एक. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा दाह, बाळंतरोग, पोटातील आतडे फुटणे अशी निरनिराळी नावे येतात. परंतु शेवटची वाट बहुधा सेप्सिसमधूनच गेलेली असते. जागतिक आरोग्य परिषदेने २०१७ च्या मे महिन्यात ठराव करून सेप्सिसचा प्रतिबंध, निदान व उपचार यांकडे सर्व सदस्य राष्ट्रांचे लक्ष वेधले, ते याच कारणाने.

जंतूच्या पोटातले विष

रक्तातून नेमके काय गाळून काढावयाचे, हा प्रश्न समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावे लागते. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत रिचर्ड फायफर नावाचे शास्त्रज्ञ पटकीच्या जंतूंवर काम करीत होते. जंतू उष्णतेने मारून टाकले, तरी त्यांच्या मृत अंशांमुळे प्राणी शॉकने मरतात, असे त्यांना १८९२ च्या सुमारास दिसून आले. याचा अर्थ असा की विष जंतूच्या देहातच आहे आणि जंतू फुटला म्हणजे ते मोकळे होते. फायफर यांनी त्याला 'एंडोटॉक्सिन', म्हणजे अंतर्विष, असे नाव दिले. हेच फायफर पुढे १८९७ साली प्लेगच्या अभ्यासासाठी आलेल्या जर्मन आयोगाबरोबर मुंबईत आले होते, ही गोष्ट महाराष्ट्राच्या दृष्टीने नमूद करण्याजोगी आहे.

पुढे हे अंतर्विष म्हणजे विशिष्ट प्रकारच्या जंतूंच्या बाह्य आवरणातील स्निग्धांश व शर्करायुक्त द्रव्य असल्याचे सिद्ध झाले. पोटातील आतड्यांत राहणारे अनेक जंतू याच प्रकारचे असतात. आतडे फुटले, पित्तमार्ग तुंबला किंवा मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाला की हे विष रक्तात उतरू शकते आणि अत्यल्प प्रमाणातही शरीरात हाहाकार माजविते. प्रतिजैविक औषध जंतूला मारते. परंतु मेलेल्या जंतूचे विष मागे उरतेच. ते बाहेर काढता आले तर? रक्तशुद्धीच्या कल्पनेचा उगम या साध्या प्रश्नात आहे.

सॉसेजच्या वेष्टनापासून कृत्रिम मूत्रपिंडापर्यंत

रक्त शरीराबाहेर नेऊन स्वच्छ करण्याचे तंत्र मात्र मूत्रपिंडाच्या विकारांसाठी विकसित झाले. १९१३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलोडियनच्या बारीक नळ्यांतून कुत्र्याचे रक्त फिरवून त्यातील द्रव्ये वेगळी करून दाखविली. रक्त गोठू नये म्हणून त्यांनी जळवांपासून काढलेला अर्क वापरला होता. माणसाच्या उपयोगी पडेल असे यंत्र तयार व्हावयास पुढे तीस वर्षे लागली.

दुसऱ्या महायुद्धात हॉलंड हा देश जर्मन लष्कराच्या टाचेखाली असताना, कांपेन या लहान गावातील रुग्णालयात विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने १९४३ मध्ये हे यंत्र उभारले. लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती त्याने सॉसेज भरण्यासाठी वापरले जाणारे सेलोफेनचे वेष्टन गुंडाळले. त्यातून रक्त वाहत असे आणि पिंप मिठाच्या पाण्यात फिरत असे. रक्तातील मळ त्या पातळ पडद्यातून पाण्यात उतरे. सुरुवातीचे बहुतेक सर्व रुग्ण दगावले. अखेर १९४५ साली, युद्ध संपल्यावर, बेशुद्धावस्थेत आणलेली ६७ वर्षांची एक स्त्री या यंत्रामुळे शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली. आज 'डायलिसिस' हा शब्द तालुक्याच्या गावीही ओळखीचा झाला आहे. त्याचा प्रारंभ या लाकडी पिंपापासून झाला.

तथापि डायलिसिसच्या पडद्यातून युरियासारखे लहान रेणूच सहज पार होतात. सायटोकाइनचे रेणू त्यांच्या तुलनेत फार मोठे असतात. १९७७ साली जर्मनीतील गटिंगन येथे पेटर क्रेमर यांनी अत्यवस्थ रुग्णांसाठी एक निराळी पद्धत अवलंबिली. तीत रक्तातील पाणीच सतत गाळून काढतात आणि त्याच्या जागी शुद्ध द्रव भरून देतात. मूत्रपिंड निकामी झालेल्या, रक्तदाब खालावलेल्या रुग्णांना ती सोसू लागली. मग सहजच असा विचार पुढे आला की, अधिक पाणी गाळले तर अधिक विषारी द्रव्येही निघून जातील.

इटलीतील व्हिचेन्झा येथील क्लाउडिओ रोंको यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या विचाराला बळ दिले. मूत्रपिंड निकामी झालेल्या ४२५ अत्यवस्थ रुग्णांत वजनाच्या दर किलोमागे ताशी २० मिलिलिटर गाळणी झालेल्यांपैकी ४१ टक्के जगले, तर ३५ मिलिलिटर गाळणी झालेल्यांपैकी ५७ टक्के. परंतु ४५ मिलिलिटरपर्यंत जाऊनही हा आकडा ५८ टक्क्यांच्या पुढे गेला नाही. पुढे खास सेप्टिक शॉकच्या रुग्णांवर ३५ आणि ७० मिलिलिटर या दोन मात्रांची तुलना झाली. 'आयव्हॉर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. मात्रा दुप्पट करूनही २८ दिवसांतील मृत्यूंच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. पाणी जास्त गाळले म्हणजे माणूस जास्त वाचतो, हे समीकरण तेथेच कोलमडले.

जपानचा धागा

दरम्यान जपानमध्ये वेगळ्याच दिशेने प्रयत्न चालू होते. १९४० च्या दशकात सापडलेले पॉलिमिक्सिन-बी हे प्रतिजैविक अंतर्विषाला घट्ट चिकटून त्याची शक्ती नष्ट करते, हे ठाऊक होते. अडचण एवढीच की शिरेवाटे दिल्यास ते मूत्रपिंड व मज्जातंतू यांना अपाय करते. शिगा वैद्यकीय विद्यापीठातील शल्यचिकित्सक आणि तोरे ही धागे बनविणारी कंपनी यांनी यावर सुरेख तोड काढली. औषध शरीरात सोडावयाचेच नाही. ते कृत्रिम धाग्यांना कायमचे जखडून टाकावयाचे, ते धागे एका नळकांड्यात भरावयाचे आणि त्यांतून रक्त फिरवावयाचे. अंतर्विष धाग्याला चिकटून राहील, औषध धाग्यावरच राहील आणि रक्त मात्र निर्विष होऊन परत जाईल. दोन तासांचे एक सत्र आणि साधारणपणे दुसऱ्या दिवशी दुसरे सत्र, अशी ही योजना. १९९४ पासून जपानच्या आरोग्यविम्यात तिचा समावेश झाला आणि तेथे हजारो रुग्णांवर हा उपचार झाला.

कल्पना निर्दोष, तंत्र देखणे आणि अनुभवी डॉक्टरांचा विश्वास संपादन केलेले. आणखी काय हवे, असे कोणालाही वाटेल. परंतु उपचारानंतर रुग्ण बरा झाला याचा अर्थ उपचाराने बरा झाला, असा होत नाही. तो उपचाराविनाही बरा झाला असता काय, हे कळण्यासाठी सारख्याच अवस्थेतील रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट करून त्यांची तुलना करावी लागते.

तीन चाचण्या, तीन उत्तरे

अशी पहिली लक्षवेधी चाचणी इटलीतील दहा अतिदक्षता विभागांत झाली. पोटातील जंतुसंसर्गामुळे तातडीची शस्त्रक्रिया करावी लागलेल्या ६४ रुग्णांचा तीत समावेश होता. २००९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जपानी नळकांड्याचा उपचार मिळालेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यू ३२ टक्के, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात ५३ टक्के होते. फरक इतका मोठा वाटला की चाचणी नियोजित वेळेपूर्वीच थांबविण्यात आली. जगभर आशेची लाट उसळली. परंतु रुग्णसंख्या लहान होती आणि कोणाला कोणता उपचार मिळत आहे, हे डॉक्टरांना दिसत होते. अशा परिस्थितीत थोड्या रुग्णांच्या दैवयोगानेही आकडे वर-खाली होऊ शकतात, याकडे जाणत्यांनी लक्ष वेधले.

दुसरी चाचणी फ्रान्समध्ये झाली. आतडे फुटून शस्त्रक्रिया झालेल्या २३२ रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये हाती आले. या वेळी चित्र उलटे होते. नळकांड्याच्या गटात सुमारे २८ टक्के मृत्यू, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात सुमारे २० टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक नव्हता. तरीही उपकाराची खूण त्यात कोठेच नव्हती.

तिसरी आणि सर्वांत काटेकोर चाचणी उत्तर अमेरिकेतील ५५ रुग्णालयांत ४५० रुग्णांवर झाली. रक्तात अंतर्विष भरपूर असल्याची तपासणी करूनच रुग्ण निवडण्यात आले. ज्यांना उपचार द्यावयाचा नव्हता त्यांच्याबाबतीत प्रक्रियेचा केवळ देखावा करण्यात आला. त्यामुळे कोणता रुग्ण कोणत्या गटातील आहे, हे इतरांना कळावयास मार्ग नव्हता. २०१८ साली निकाल लागला. उपचाराच्या गटात सुमारे ३८ टक्के, दुसऱ्या गटात सुमारे ३५ टक्के मृत्यू. दोहोंत खऱ्या अर्थाने फरक नव्हता.

कथा येथे संपावयास हवी होती. पण तसे झाले नाही. संशोधकांनी आकडे पुन्हा चाळले, तेव्हा ज्यांच्या रक्तात अंतर्विषाचे प्रमाण जास्त, पण अतिशय जास्त नव्हते, अशा रुग्णांत उपचाराचा लाभ झाल्याचे दिसले. या उपगटात मृत्यूंचे प्रमाण २६ टक्के विरुद्ध ३७ टक्के असे होते. ज्यांच्यात विष अतोनात होते, त्यांच्या बाबतीत ते नळकांड्याच्या आवाक्याबाहेरचे असावे, असा तर्क मांडण्यात आला. निकाल लागल्यानंतर शोधलेल्या अशा उपगटांचे निष्कर्ष पुरावा म्हणून स्वीकारता येत नाहीत. नव्या प्रश्नाचे बीज म्हणून मात्र ते मोलाचे असतात. म्हणून अशाच निवडक रुग्णांवर 'टायग्रिस' नावाची नवी चाचणी अमेरिकेत हाती घेण्यात आली.

चांगले आणि वाईट एकाच चाळणीतून

अंतर्विषाऐवजी सायटोकाइनच शोषून घेण्याचा मार्गही अनेकांनी धरला. सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या नळकांड्यातून रक्त फिरविले की मधल्या आकाराचे रेणू त्या छिद्रांत अडकतात. अशा एका उपकरणास युरोपात २०११ साली परवानगी मिळाली. कोविडच्या साथीत, २०२० च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेनेही त्याचा आणीबाणीतील वापर मान्य केला. 'सायटोकाइनचे वादळ' हे शब्द तेव्हा वृत्तपत्रांतून रोज वाचावयास मिळत होते आणि वादळ गाळून टाकणारे यंत्र कोणाला नको असणार?

२०२१ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील चाचणीचा निष्कर्ष या पार्श्वभूमीवर धक्कादायक ठरला. फुफ्फुसे निकामी होऊन कृत्रिम फुफ्फुसयंत्रावर ठेवलेल्या ३४ कोविड रुग्णांचे दोन समान गट करण्यात आले. शोषक नळकांडे जोडलेल्या १७ जणांपैकी ३० दिवसांनंतर तीनच हयात होते; न जोडलेल्या १७ जणांपैकी १३. चाचणी लहान होती, त्यामुळे तिच्यावरून अंतिम निवाडा करता येत नाही. परंतु असा उपचार निरुपद्रवी आहे, हे गृहीत धरण्याची सोय तिने ठेवली नाही. रक्तातील द्रवांश वेगळा करून तो शोषक मण्यांतून फिरविण्याच्या आणखी एका पद्धतीची इटलीतील चाचणीही, उपचार मिळालेल्या रुग्णांत सुरुवातीच्या दिवसांत अधिक मृत्यू दिसल्याने, मध्येच थांबवावी लागली.

असे का व्हावे? कारणे अनेक संभवतात. पहिले असे की चाळणीला मित्र आणि शत्रू ओळखता येत नाही. जी सायटोकाइन द्रव्ये नासधूस करतात, तीच संसर्गाशी लढण्यासही लागतात. आणि दाह शमविणारी द्रव्येही त्याच आकाराची असल्याने तीही सोबत निघून जातात. दुसरे असे की या नळकांड्यांत काही प्रतिजैविक औषधेही शोषली जातात. ज्या औषधावर रुग्णाचा जीव अवलंबून आहे, तेच रक्तातून कमी झाले तर लाभाऐवजी हानीच व्हावयाची. तिसरे, रक्त बाहेर नेण्यासाठी मोठ्या शिरेत जाड नळी घालावी लागते, रक्त गोठू नये म्हणून औषध द्यावे लागते. त्यातून रक्तस्राव, गुठळी किंवा नवा जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे: रक्तातील द्रव्ये ही केवळ धुराची रेषा असते. आग पेशींच्या आणि अवयवांच्या आत लागलेली असते. धूर गाळून आग विझतेच असे नाही.

सेप्सिसच्या इतिहासात अशी निराशा प्रथमच पदरी आली, असेही नाही. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले एक औषध सेप्सिसवरील मोठी प्रगती म्हणून गाजले. दहा वर्षे ते जगभर वापरले गेले. नव्या चाचणीत त्याचा उपयोग सिद्ध न झाल्याने २०११ मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आले. सद्हेतू आणि तर्कशुद्ध विचार यांची जागा पुरावा घेतो. पुराव्याची जागा मात्र ते घेऊ शकत नाहीत, हा धडा या शास्त्राने मोठी किंमत देऊन शिकला आहे.

आजची स्थिती

सेप्सिसवरील उपचारांबाबत तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत या विषयावर स्पष्ट भूमिका घेतली आहे. पॉलिमिक्सिनच्या नळकांड्याचा वापर करू नये, अशी सूचना त्यांनी केली. मात्र त्यामागील पुरावा कमी दर्जाचा असल्याचेही प्रांजळपणे नमूद केले. रक्तशुद्धीच्या अन्य पद्धतींविषयी बाजूने किंवा विरुद्ध शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे त्यांचे मत पडले. मूत्रपिंड निकामी झाल्यावर करावे लागणारे डायलिसिस ही गोष्ट यापासून अगदी भिन्न आहे. तेथे यंत्र थकलेल्या मूत्रपिंडाचे काम करते आणि त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. केवळ सेप्टिक शॉक उलटविण्यासाठी रक्त गाळणे, हा उपचार अद्याप प्रायोगिक आहे.

'प्रायोगिक' या शब्दाचा अर्थ निरुपयोगी असा नव्हे, तसाच तो चमत्कारी असाही नव्हे. योग्य रुग्ण, योग्य वेळ आणि योग्य द्रव्य यांची सांगड घातल्यास उद्या त्यातून काही निष्पन्नही होईल. पण आज एखाद्या कुटुंबापुढे हा पर्याय ठेवला गेला, तर त्या कुटुंबाने काही प्रश्न शांतपणे विचारावेत. हा उपचार नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून आहे, की त्यांच्या ऐवजी? तो एखाद्या रीतसर मंजूर झालेल्या चाचणीचा भाग आहे काय? यापासून कोणता लाभ अपेक्षित आहे आणि कोणता धोका? प्रतिजैविकाची मात्रा त्यानुसार बदलली जाणार आहे काय? खर्च किती आणि तो कोण सोसणार? शेत गहाण टाकून किंवा दागिने मोडून पैसा उभा करणाऱ्या कुटुंबाला या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळणे, हा त्याचा हक्क आहे. आणि अशा उपचाराला नकार दिला, तर आपण आपल्या माणसासाठी काही करावयाचे बाकी ठेवले, अशी खंत त्या कुटुंबाने मनास लावून घेण्याचे कारण नाही. उपलब्ध पुरावा तसे म्हणत नाही.

खरा उपचार घड्याळाच्या काट्यावर

मग सेप्टिक शॉकमध्ये प्राण वाचतात ते कशाने? उत्तर साधे आहे. वेळेवर ओळखणे, योग्य प्रतिजैविक विनाविलंब देणे, शिरेवाटे पुरेसे द्रव देणे, रक्तदाब सावरणारे औषध चालू करणे आणि पू, फुटलेले आतडे, तुंबलेला मार्ग असे संसर्गाचे मूळ दूर करणे. कॅनडा व अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींवरून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, रक्तदाब कोसळल्यानंतर पहिल्या तासातच योग्य औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्ण वाचले. आणि पहिल्या सहा तासांत विलंबाच्या प्रत्येक तासागणिक वाचण्याचे प्रमाण सरासरी साडेसात टक्क्यांनी घटत गेले. कोणत्याही नळकांड्याने आजवर असा फरक घडवून दाखविलेला नाही.

या सत्याचा एक झळझळीत पुरावा महाराष्ट्रातच, गडचिरोली जिल्ह्यात उपलब्ध आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तेथील ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाने दूध ओढणे सोडले, रडणे क्षीण झाले, अंग लुळे किंवा गार पडले, ही सेप्सिसची लक्षणे ओळखण्यास त्या शिकल्या. पालकांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडावाटे दुसरे प्रतिजैविक त्या देऊ लागल्या. पूर्वी सेप्सिस झालेल्या १०० बाळांपैकी १६ ते १७ दगावत असत. या उपचारानंतर ते प्रमाण ३ च्याही खाली आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या प्रख्यात नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथे यंत्र नव्हते, नळकांडे नव्हते. होती ती सुयांची पेटी, घड्याळ, वजनकाटा आणि दारोदार जाणारी एक जागरूक बाई. घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याचा हा मार्ग पुढे आशा कार्यकर्तींच्या द्वारे देशभर स्वीकारला गेला.

म्हणून प्रत्येक घराने काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. ताप, जखम, खोकला, लघवीची जळजळ किंवा बाळंतपणानंतरचा दाह अशा कोणत्याही संसर्गात माणूस असंबद्ध बोलू लागला, श्वास जलद झाला, हुडहुडी भरली किंवा उलट अंग गार पडले, लघवी अगदी कमी झाली, कातडीवर निळसर डाग दिसू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना 'हे सेप्सिस तर नसेल?' असे निःसंकोच विचारावे. त्याहून आधीची पायरी म्हणजे हात धुणे, लसी वेळेवर टोचून घेणे, प्रसूती रुग्णालयात करणे आणि प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्याविना न घेणे. ती ऊठसूट घेतल्याने जंतू निगरगट्ट होतात आणि ऐन वेळी औषधच निष्प्रभ ठरते.

कांपेन येथील कोल्फ यांचे लाकडी पिंप सुरुवातीच्या अपयशानंतर थांबले असते, तर आजचे डायलिसिस जन्मास आले नसते. सेप्टिक शॉकवरील रक्तशुद्धीचे संशोधनही म्हणूनच चालू राहिले पाहिजे; मात्र ते चाचणीच्या शिस्तीत आणि रुग्णाला सत्य सांगून. तोवर कोणत्याही गावातील कोणत्याही घराच्या हाती असलेले सर्वांत समर्थ साधन एकच आहे: खुणा ओळखून पहिल्या तासातच पाऊल उचलणे. यंत्राच्या नळीतून वाहणारे रक्त पाहण्याची वेळ आपल्या माणसावर येऊ नये, यातच त्या पावलाचे सार्थक आहे.